प्रतिकारशक्ती... वाढवायची की आवरायची?



मागच्या सेमिस्टरमधली गोष्ट. ऑक्टोबर संपत आला होता, तरी रत्नागिरीचा परतीचा पाऊस काही जायचं नाव घेत नव्हता. दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले. दुसऱ्या दिवशी कंट्रोल सिस्टिम्सचं सबमिशन. माझा रूम पार्टनर इचलकरंजीचा. त्याला आदल्या रात्रीपासून ताप, घसा दुखतोय, अंग मोडून आलेलं. तरी अंगावर चादर ओढून जर्नल उतरवणं चालू! मी म्हटलं, "झोप की जरा." तर म्हणतो, "झोपून कसं चालंल? उद्या सरांनी सही न्हाई केली तर टर्म जाईल की!"

आणि मग त्याने ड्रॉवरमधून आपला दवाखाना बाहेर काढला. 'इम्युनिटी बूस्टर' असं मोठ्या अक्षरात छापलेली एक पावडर, काढ्याचं एक पाकीट आणि कुणा सीनियरने दिलेली गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. "ही घेतली की दोन तासांत खडखडीत," असं सीनियरचं सर्टिफिकेट. मी स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचली. डेक्सामेथासोन. म्हणजे स्टिरॉइड.

मी ती त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतली. तो बघतच राहिला. का हिसकावली, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. म्हणून हा लेख. आणि एकट्या त्याच्यासाठी नाही, कारण तसा ड्रॉवर आपल्या हॉस्टेलच्या बहुतेक खोल्यांत आहे.

थोडं मागे जातो. एप्रिल २०२१. मी दहावीत, परीक्षा रद्द झालेली, त्यामुळे मी भलताच खूश. माझे धाकटे काका मुंबईला नोकरीला. लॉकडाऊन लागला तसे ते गावी, संगमेश्वर तालुक्यात आमच्या घरी आले. वय ४६, तब्येत ठणठणीत, मधुमेह नाही, बीपी नाही. आठवड्याभरात त्यांना ताप आला. तेव्हा मोबाईलवर औषधांच्या याद्या फिरत होत्या, तुम्हालाही आठवत असतील. त्यातल्याच एका यादीवरून त्यांनी दुसऱ्या दिवशीच गोळ्या चालू केल्या. त्यात हीच डेक्सा होती. आणि खरंच, चोवीस तासांत ताप गेला, भूक लागली, चेहरा तजेलदार दिसायला लागला. काका आमच्याबरोबर कलमांच्या बागेत आंबे उतरवायला आले! आजी म्हणाली, "बघ, माझा पोर कसा दणकट."

आठव्या दिवशी ते पायऱ्या चढताना मध्येच बसले. आशाताई ऑक्सिमीटर घेऊन आल्या. त्यावर आकडा ८२. काका हसत म्हणाले, "मशीन बिघडलंय. मला काय नाय झालंय." पुढच्या पाच दिवसांत सगळं संपलं.

ती गोळी घेतली नसती तर ते वाचले असते का, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच सांगता येणार नाही. अशी कोणतीही गोळी न घेता गेलेलेही हजारो आहेत. त्याच वर्षी जूनमध्ये राज्यात डेल्टा प्लसचे पहिले २१ रुग्ण जाहीर झाले, त्यातले ९ आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. म्हणजे तो विषाणू काही साधा नव्हता. पण मला तेव्हापासून एक प्रश्न छळत होता. ठणठणीत माणूस, प्रतिकारशक्ती उत्तम, मग असं कसं झालं? त्याचं उत्तर शोधत गेलो आणि कळलं, की आपण 'प्रतिकारशक्ती' हा शब्दच चुकीचा समजून बसलो आहोत.

आता जरा शरीराच्या आत जाऊ. बायोलॉजी बारावीलाच सोडली असली तरी घाबरू नका.

फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. हवा आणि रक्त यांच्यामध्ये जी भिंत असते, तिची जाडी एक मायक्रॉनपेक्षाही कमी. तिच्यातून ऑक्सिजन रक्तात जातो. विषाणू श्वासनलिकेच्या आणि या पिशव्यांच्या पेशींत शिरतो आणि आपल्या प्रती काढायला लागतो. पेशीला सुगावा लागला की ती ओरडते. हे ओरडणं म्हणजे काही प्रथिनं बाहेर सोडणं. त्यांना एकत्रितपणे सायटोकाइन म्हणतात.

वाडीत रात्री चोर शिरला तर काय होतं, ते डोळ्यांसमोर आणा. पहिली हाक शेजारच्यांना, "दारं लावून घ्या रे!" ही हाक म्हणजे इंटरफेरॉन, ज्याचा शोध १९५७ साली लंडनमध्ये लागला. ती ऐकून शेजारच्या पेशी विषाणूला आपल्याकडे वाढू न देण्याची तयारी करतात. दुसरी हाक, "काठ्या घेऊन या!" ही म्हणजे इंटरल्युकिन-६, टीएनएफ वगैरे मंडळी. ती रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावतात, रक्तवाहिन्यांच्या भिंती थोड्या सैल करतात म्हणजे पेशींना बाहेर पडता यावं, मेंदूला सांगून ताप चढवतात आणि यकृताला सीआरपी नावाचं प्रथिन बनवायला लावतात. २०२१ मध्ये घरोघरी लोक ज्या सीआरपीचे रिपोर्ट हातात घेऊन बसले होते, तो हाच. तो आकडा विषाणूचा नव्हे, आपल्याच आरडाओरड्याचा!

एरवी हे सगळं व्यवस्थित चालतं. चोर पळतो, लोक घरी जातात, आपण चार दिवसांत मेसमध्ये परत भांडायला हजर. पण काही जणांत पहिली हाक उशिरा जाते किंवा कमी पडते. तोवर चोर दहा घरांत शिरलेला असतो. मग दुसरी हाक अशी काही उठते की साऱ्या गावाने अंधारात काठ्या चालवाव्यात. चोर राहतो बाजूला, लोक एकमेकांनाच झोडतात, घराची कौलं फुटतात. फुप्फुसात याचा अर्थ असा, की सैल झालेल्या रक्तवाहिन्यांतून पाणी आणि प्रथिनं वायुकोशांत झिरपतात, पांढऱ्या पेशी आपल्याच पेशींना इजा करतात, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. हवा आत येते, पण ऑक्सिजन रक्तात पोचत नाही. गंमत अशी, की तेव्हा विषाणूंची संख्या बऱ्याचदा उतरणीला लागलेली असते. म्हणूनच कोविडमध्ये बिघाड पहिल्या-दुसऱ्या दिवशी नाही, तर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान दिसायचा. काका आठव्या दिवशी पायरीवर बसले.

पहिली हाक किती महत्त्वाची, याचा एक पुरावा सांगतो. २०२० मध्ये जीवघेणा कोविड न्यूमोनिया झालेल्या ९८७ रुग्णांची तपासणी झाली. त्यातल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. म्हणजे दर दहातल्या एकाच्या घरात हाक मारणाऱ्याचं तोंड आधीच बांधलेलं होतं!

हे फक्त कोविडचं नाही. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्ल्युएन्झा मुंबई बंदरात उतरला, तेव्हा त्याला 'मुंबईचा ताप' असंच नाव पडलं होतं. त्या साथीत हिंदुस्थानात अंदाजे १.२ ते १.८ कोटी माणसं गेली. जगभर एक विचित्र गोष्ट दिसली, २० ते ४० वयाची धडधाकट माणसं मोठ्या प्रमाणात मेली. याला कारणं अनेक आहेत, फ्लूनंतर होणारा जिवाणूंचा न्यूमोनिया हे त्यातलं फार मोठं. पण २००७ साली कॅनडातल्या प्रयोगशाळेत तोच विषाणू पुन्हा तयार करून माकडांना दिला, तेव्हा त्यांच्या फुप्फुसांत हाच बेताल आरडाओरडा दिसला. पुढे २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला. ३ ऑगस्टला पुण्यात एक १४ वर्षांची शाळकरी मुलगी गेली, देशातला तो पहिला मृत्यू. त्याही साथीत तरुण माणसं, गरोदर स्त्रिया व्हेंटिलेटरवर गेल्या. म्हणून "आपण तरुण आहोत, आपल्याला काय होतंय" हे हॉस्टेलवरचं ब्रीदवाक्य इतिहासाला फारसं मान्य नाही.

आता खरी मेख. बेताल आरडाओरडा हे कारण असेल, तर तो शांत करणारं औषध द्यावं की नाही? द्यावं. पण कधी?

जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या मोठ्या चाचणीने याचं उत्तर दिलं. औषध तेच, आपल्या ड्रॉवरमधलं. डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू दर १०० मागे सुमारे ४१ वरून २९ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ वरून २३ वर. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात? फायदा काहीच नाही. उलट आकडा १४ वरून १८ कडे सरकला. हा शेवटचा फरक योगायोगाचा असू शकतो, पण तो चुकीच्या दिशेला आहे हे लक्षात घ्या.

एकच गोळी. आठव्या दिवशी धाप लागलेल्याला हॉस्पिटलमध्ये दिली तर जीव वाचवते आणि दुसऱ्या दिवशी खोलीत घेतली तर ज्या पहारेकऱ्यांनी तेव्हा जागं असायला हवं, त्यांनाच झोपवते. ताप उतरतो, कारण ताप हा आपल्याच पेशींचा ओरडा असतो. ओरडा थांबला म्हणजे चोर गेला, असं नाही. काकांचा तजेलदार चेहरा आठवला की मला अजून पोटात गोळा येतो.

शिवाय स्टिरॉइडने रक्तातली साखर वाढते. २०२१ च्या मे महिन्यात आपल्या राज्यात म्युकरमायकोसिसने ज्यांचे डोळे, जबडे गेले, त्यातले बहुतेक मधुमेही होते आणि बहुतेकांना स्टिरॉइड दिलेली होती, काहींना गरज नसताना, काहींना गरजेपेक्षा जास्त दिवस. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये 'रिकव्हरी' चाचणीनेच इंटरल्युकिन-६ ची हाक अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबचाही फायदा दाखवला. मूळचं ते संधिवाताचं औषध. पण तोही ऑक्सिजन कमी पडलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या रुग्णांतच. सगळीकडे एकच प्रश्न: कुणाला आणि कितव्या दिवशी?

आपण इंजिनिअरिंगवाले. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपल्याला काय शिकवतात? फीडबॅक लूपमध्ये वेळेचा विलंब असेल आणि त्यात तुम्ही गेन वाढवत नेला, तर सिस्टिम चांगली होत नाही, ती डोलायला लागते आणि शेवटी हाताबाहेर जाते. सरांनी फळ्यावर ओव्हरशूटचा ग्राफ काढला तेव्हा मला काकांचा आठवा दिवस दिसला. प्रतिकारशक्ती ही अशीच लूप आहे. ती 'वाढवायची' म्हणजे काय वाढवायचं? गेन? तो तर काही रुग्णांत आधीच जास्त झालेला होता! आपल्याला हवं ते वेगळंच, लवकर ओळख, बेताचा प्रतिसाद आणि काम झालं की थांबणं. 'इम्युनिटी बूस्टर' हा शब्द डब्यावर छापणाऱ्याला हा प्रश्न विचारून बघा, नक्की काय बूस्ट करता? मला आजवर उत्तर मिळालेलं नाही.

इथे काही जण म्हणतील, "म्हणजे आमच्या आजीची हळद-दूध, आवळा, काढा सगळं बंद?" मुळीच नाही. गरम काढ्याने घशाला आराम पडतो, प्यावा. आमच्या आजीचा मीही पितो. पण काढा पिऊन रात्री दोन वाजता पावसात टपरीवर जाणं म्हणजे प्रतिकारशक्ती नव्हे. झोप, पोटभर जेवण, सिगारेट न ओढणं या साध्या गोष्टी तुमची लूप ताळ्यावर ठेवतात. आणि लस काय करते, तर ती गेन वाढवत नाही, विलंब कमी करते. चोराचा फोटो आधीच पहारेकऱ्याच्या खिशात असतो. म्हणून हाक वेळेवर जाते आणि साऱ्या गावाला काठ्या घेऊन यावं लागत नाही.

आणखी एक गैरसमज नको. स्टिरॉइड वाईट, असं मी म्हणत नाही. आपल्या विंगमध्ये दम्यासाठी डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर वापरणारे आहेत. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं आणि ते योग्यच आहे. हा लेख वाचून कुणी तो बंद केला तर तो मूर्खपणा होईल. माझा आक्षेप आहे तो दुसऱ्याच्या अर्ध्या स्ट्रिपवर. शिवाय आपल्या कोकणात पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लूच असेल असंही नाही. लेप्टो आहे, डेंग्यू आहे, मलेरिया आहे. अशा तापात आधी गोळी आणि मग तपासणी, हा उलटा क्रम महागात पडतो.

मग करायचं काय? मोठमोठ्या गोष्टी नकोत. चार साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, दिवस मोजा. ताप ज्या दिवशी आला तो पहिला दिवस, खोलीतल्या कॅलेंडरवर खूण करा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, "आज कितवा दिवस?" आणि आपण डोकं खाजवतो.

दुसरी, ताप उतरला तरी दहा दिवस श्वासावर लक्ष ठेवा. रेक्टर सरांकडे एक थर्मामीटर आणि एक ऑक्सिमीटर असावा, ही माझी नम्र मागणी. दोन्ही मिळून एका बर्थडे पार्टीपेक्षा स्वस्त पडतात. कोविडच्या काळात सहा मिनिटं चालून ऑक्सिजन बघायला सांगायचे, आठवतं? तीच आपली लोड टेस्ट. बसून ९७ दिसणारा आकडा चालल्यावर ९३ च्या खाली गेला, तर गडबड आहे. बसूनच ९४ च्या खाली असेल, एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, पार्टनर बरळत असेल किंवा नुसता झोपून राहत असेल, तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजता रेक्टरांना उठवा. ते ओरडतील, ओरडू देत.

तिसरी, दुसऱ्याची उरलेली गोळी घेऊ नका आणि आपली देऊ नका. चांगल्या मनाने दिलेली असली तरी.

चौथी गोष्ट स्टाफसाठी आहे, लहान तोंडी मोठा घास घेतोय. सर, मॅडम, आमच्यातले निम्मे जण ताप लपवतात तो आजाराच्या भीतीने नाही, सहीच्या भीतीने. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत सबमिशनला मुदत मिळेल, हे आधीच नोटीस बोर्डवर लागलं, तर ती अर्धी स्ट्रिप निम्म्या ड्रॉवरमधून आपोआप जाईल. शिवाय तापाने फणफणलेला मुलगा लॅबमध्ये बसला, तर शेजारच्या वीस जणांना तो काय देऊन जातो, हे वेगळं सांगायला नको.

माझ्या पार्टनरचं पुढे काय झालं, तर त्या रात्री तो चिडून झोपला. सकाळी मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, साधी पॅरासिटामॉल आणि विश्रांती सांगितली. सबमिशनची गोष्ट मी सरांना भीतभीत सांगितली, तर सर म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलंत?" सही चार दिवसांनी मिळाली. टर्म गेली नाही. आमच्या कॅलेंडरवर त्या महिन्यात एक ते दहा असे आकडे पेनाने लिहिलेले आहेत. दहावा आकडा पार्टनरनेच लिहिला आणि त्याच्यापुढे 'खडखडीत' असं लिहून ठेवलं.

काकांचे दिवस आम्ही कुणीच मोजले नव्हते. आशाताईंनी विचारलं तेव्हा घरात सात की आठ, यावर वाद झाला होता.

– एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल